काना आणि वेलांटी

"आधीचं नाव काय होतं गं तिचं? तेही टाक ना," मी सहज म्हणाले. भाचीची बोटं कीबोर्डवर थांबली.

काल रात्री कोथरूडच्या घरी ती मराठी विकिपीडियासाठी स्कार्लेटवर लेख लिहीत होती. स्कार्लेट म्हणजे कॅनडाची साशा होस्टिन, ट्रान्सजेंडर स्त्री. २०१८ मध्ये प्योंगचांगला स्टारक्राफ्ट २ या व्हिडिओ गेमच्या स्पर्धेत, अंतिम सामन्यात तिनं कोरियाच्या एसओएस या खेळाडूला ४-१ नं हरवलं. या खेळातली मोठी स्पर्धा जिंकणारी ती पहिली स्त्री.

"मावशी, लग्नात तांदळात बोटानं लिहिलेलं आजीचं नवं नाव सगळ्यांनी एका दिवसात मान्य केलं ना? हिनं तर स्वतः निवडलंय."

मी गप्प झाले. माझ्या आईचं माहेरचं नाव मलाही किती उशिरा कळलं होतं!

आणि आपली मराठी तर अशी, की क्रियापदसुद्धा माणसाची ओळख सांगतं. आली, खेळली, जिंकली. एक अक्षर चुकलं तरी तिला नाकारल्यासारखंच.

मग आम्ही दोघींनी मिळून पूर्ण लेख पुन्हा वाचला. एका ओळीत 'जिंकला' राहून गेलं होतं. भाचीनं काना पुसला, दुसरी वेलांटी दिली आणि मगच लेख जतन केला.