आमची वाटचाल : टेलर टेस्टच्या कांड्या आणि आम्ही

भोसरीत पिना, बुश, शाफ्ट कोण करत नाही? आम्हीही केले, अजून करतो, घर त्यावरच चालतं. पण आमच्या शेडचं नाव झालं ते टेलर टेस्टच्या कांड्यांमुळे. जी. आय. टेलर यांची १९४८ची ही पद्धत. गॅस गनमधून कांडी कडक पोलादी पाटावर मारायची आणि उरलेल्या लांबीवरून धातूची त्या वेगातली यील्ड स्ट्रेंग्थ, म्हणजे किती ताणाला तो कायमचा दबू लागतो ते, काढायची. तांब्याची साडेबत्तीस मिलिमीटरची कांडी सेकंदाला सव्वादोनशे मीटरने आदळली की साडेएकवीसच्या आसपास उरते. पुढचं तोंड दुपटीहून जास्त पसरतं, मागचा भाग मात्र जसाच्या तसा. सगळा खेळ शंभर मायक्रोसेकंदांच्या आत.

पहिली ऑर्डर एका कॉलेजातल्या सरांनी आणली. माझे भागीदार नाना म्हणाले, "एवढंसं टर्निंग, त्यात काय!" आणि मग स्वतःच त्यात अडकले. मऊ तांबं टूलला चिकटतं, फेसवर, म्हणजे कांडीच्या सपाट तोंडावर, ओरखडे काढतं. नाना हायस्पीड स्टीलचं टूल हाताने घासायचे, रेक (धारेमागचा उतार) भरपूर ठेवायचे, शेवटचा कट अगदी बारीक घ्यायचे. मग व्ही-ब्लॉकवर कांडी फिरवून फेसवर डायल, म्हणजे बारीक फरक दाखवणारं काट्याचं मापयंत्र. काटा जरा हलला की जॉब बाजूला. फेस अक्षाला काटकोनात नसेल तर एक कड आधी टेकते आणि मशरूम, म्हणजे पसरलेलं तोंड, तिरका होतो. मग तुमच्या हायस्पीड कॅमेऱ्याचा काय उपयोग? टर्निंगनंतर व्हॅक्यूममध्ये एनिलिंग (तापवून मऊ करणं), कारण टूलनेही वरची कातडी कडक होते.

एनिलिंगचा खर्च आम्ही रेटमध्ये धरायचो. तिथेच मार खाल्ला. मोठ्या प्रयोगशाळेचं टेंडर आलं आणि आमच्याच गल्लीतला एक जण एल-वन, म्हणजे सगळ्यात कमी रेटवाला, ठरला. आमच्याकडे नमुना बघायला येऊन चहा पिऊन गेलेला माणूस! आम्ही ऑर्डर येणार म्हणून ऑक्सिजनमुक्त तांब्याचे बार आधीच उचलले होते. बँकेचं सीसी (कॅश क्रेडिट) लिमिट भरलं, पगार उशिरा झाले, धाकटा लेथ विकावा लागला. नानांनी घरचं सोनं ठेवलं आणि वहिनींना मात्र महिनाभर कळू दिलं नाही.

त्या एल-वनवाल्याने ड्रॉन (डायमधून ओढून काढलेला) बार सरळ कापून दिला होता, एनिलिंग नाहीच. ड्रॉन तांबं आधीच कडक असतं, कांडी कमी दबते, स्ट्रेंग्थ फुगून येते. सर त्यातल्या मारलेल्या दोन कांड्या डब्यात घालून घेऊन आले. एकीचं तोंड एका बाजूला ओघळलेलं. नानांनी मागच्या टोकाला मायक्रोमीटर लावला, तिथला व्यास जागच्या जागी होता. मग फेसवर नखाने पार्टिंग टूलचा (बार कापायच्या टूलचा) वळ दाखवला आणि म्हणाले, "ह्याने फेसिंगच केलेलं नाही."

पुढचं टेंडर आम्हाला मिळालं. रेटवर नाही, सरांनी स्पेसिफिकेशनमध्येच फेसची काटकोनता आणि एनिलिंगनंतरची हार्डनेस लिहायला लावली. त्या प्रयोगशाळेतून आम्हाला सॉरी म्हणायला कोणी आलं नाही, तेही असो.

नवीन पोरांनो, विचारलं नाहीत तरी सांगतो. कोटेशनमध्ये एनिलिंगची ओळ वेगळी घाला आणि बॅचमधली एक कांडी न मारता स्वतःकडे ठेवा. वाद झाला की तीच हार्डनेस टेस्टरवर ठेवता येते. आणि नमुना बघायला आलेल्या शेजाऱ्याला चहा ऑफिसमध्येच पाजा.