घाटंजी ते आलापल्ली: मोठ्या गाड्या आणि त्यांचे मालक

दादाला मोठी गाडी घ्यायची आहे. घरात सात माणसं, आईचे गुडघे दुखरे, वहिनीचं माहेर आलापल्लीला, आणि हंगामात वावरातली ने-आण वेगळीच. शोरूम पाहून झाल्या, माहितीपत्रकं गोळा झाली, टेस्ट ड्राइव्हही झाली. पण गुळगुळीत रस्त्यावर दहा मिनिटं चालवून ती गाडी सात-आठ वर्षांनी कशी राहील हे काही कळत नाही. डिसेंबरात वहिनीच्या माहेरी जायचंच होतं. दादा म्हणाला, वाटेत ज्याच्या-ज्याच्या अंगणात मोठी गाडी उभी आहे तिथे थांबत जाऊ. मग घाटंजी, पांढरकवडा, वणी, घुग्घुस, चंद्रपूर, गोंडपिपरी, आष्टी असा लांबचा रस्ता धरला.

कापसाचे दिवस. घाटंजी सोडली की दोन्ही बाजूंना वेचणी चाललेली आणि रस्त्यावर कापसाने फुगलेल्या गाड्या. या पट्ट्यात डांबरी रस्ता नवा असला तरी गाडी डोलत चालते, कारण खाली काळी माती आहे. ही माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते, आणि वरच्या डांबराला लाटा येतात. खड्डा दिसतो म्हणून माणूस ब्रेक तरी मारतो. या लाटा दिसत नाहीत. ऐंशीच्या वेगाने मागची चाकं सारखी वर-खाली होत राहतात आणि त्याचा सगळा मार शॉकअप, लिंक रॉड आणि चाक धरून ठेवणाऱ्या लोअर आर्मच्या बुशवर, म्हणजे सांध्यातल्या रबरावर येतो. मुंबई-पुण्याचा माणूस त्याच गाडीबद्दल ‘काही त्रास नाही’ म्हणतो आणि इकडचा माणूस ‘चाळीस हजार किलोमीटरमध्ये सस्पेन्शन वाजायला लागलं’ म्हणतो, तेव्हा दोघंही खरंच बोलत असतात.

पांढरकवड्याला महामार्गालगत एका मिस्त्रीचं गॅरेज आहे. गाडी गॅरेजातल्या तपासणीच्या खड्ड्यावर उभी करून तो खाली उतरला, टॉर्च मारला आणि आम्हालाही खाली बोलावलं. एका सात आसनी गाडीचा लोअर आर्म त्याने काढून ठेवला होता. त्यातलं रबरी बुश बोटाने दाबून दाखवलं: वरून काळं, धडधाकट, दाबलं की मधोमध भेग उघडायची आणि आतून कोरड्या मातीची भुकटी बाहेर यायची. “हे बुश एकलं दोन-तीनशे रुपयांचं हाये भाऊ,” तो म्हणाला, “पन कंपनी नुसतं बुश देत नाई, अख्खा आर्म घ्या म्हंते. मी प्रेस करून बसवून देतो.” त्याच्या मते लॅडर फ्रेमच्या गाड्या इकडे जास्त टिकतात असं लोक म्हणतात, ते अर्धंच खरं. बोलेरो, स्कॉर्पिओ-एन, इनोव्हा क्रिस्टा, फॉर्च्युनर या गाड्यांची बॉडी वेगळ्या, शिडीसारख्या सांगाड्यावर बसवलेली असते. नवी सफारी किंवा एक्सयूव्ही ७०० यांची बॉडी आणि सांगाडा एकच असतो. सांगाडा असलेली गाडी वाकडा-तिकडा मार सहन करते, मागे ओझं भरलं तरी कुरकुर करत नाही. पण तिचीही बुशं रबराचीच असतात. ती वेळेवर बदलली नाहीत तर टायर एका बाजूने खाल्ले जातात आणि मग मालक टायरच्या कंपनीला दोष देतो.

तिथून जवळच दादाच्या ओळखीचे एक कापूस व्यापारी राहतात. त्यांची फॉर्च्युनर दिवसातून दोनदा जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या गिरणीच्या आवारात जाते. एंजिनबद्दल त्यांची काहीच तक्रार नव्हती. त्यांनी जाळी काढून एसीचा कंडेन्सर दाखवला. पट्ट्यांमध्ये कापसाच्या तंतूंचा करडा थर बसला होता, गोधडीच्या अस्तरासारखा दाट. रंगाच्या जुन्या ब्रशने त्यांनी तो वरून खाली, पट्ट्या वाकणार नाहीत अशा बेताने काढला आणि मग बागेच्या नळीने हळू पाणी मारलं. प्रेशरचा पाइप लावला तर पट्ट्या दुमडतात, हे त्यांनी दोनदा बजावलं. हंगामात दर पंधरवड्याला हे केलं नाही तर एसी गार करत नाही आणि चढावर रेडिएटरचं तापमान वाढतं. हे काम कोणत्याही सर्व्हिस बुकात लिहिलेलं नाही. पण पांढरकवडा, वणी, घाटंजीकडच्या माणसाने गाडी घेतली की त्याला हे पहिल्या दिवशी कोणीतरी सांगायला हवं.

वणीत मामांकडे मुक्काम झाला. मामांचा नियम सोपा: बोनेटवर मूठ मारायची, आवाज जड आला की गाडी भक्कम. दादाने वाद घातला नाही, मी घातला. 2016 मध्ये गाड्यांची सुरक्षा तपासून तारे देणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेने एअरबॅग नसलेल्या जुन्या स्कॉर्पिओची धडक चाचणी घेतली तेव्हा तिला शून्य तारे मिळाले होते, आणि त्या गाडीचा पत्रा पातळ आहे असं आजही कोणी म्हणणार नाही. 2022 मध्ये स्कॉर्पिओ-एनला मोठ्या माणसांच्या सुरक्षेसाठी पाच तारे मिळाले. धडकेत पत्र्याने चेपायचं आणि माणसं बसतात तो पिंजरा शाबूत राहायचा असतो. मूठ मारून तो पिंजरा कळत नाही. आणि त्याच चाचणीत मुलांच्या सुरक्षेसाठी तिला तीनच तारे आहेत. घरात लहान मुलं असतील तर जाहिरातीतल्या पाचावर न थांबता तो दुसरा आकडाही पाहायला हवा. ऑक्टोबर 2023 पासून आपल्याकडे भारत एनकॅपच्याही चाचण्या सुरू झाल्या आहेत, त्यामुळे आता मुठीवर विसंबायचं कारण नाही. मामा म्हणाले, “बरं बावा, तुझं खरं,” आणि वांग्याची भाजी वाढली.

वणीतलाच दुसरा अनुभव मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. मामांच्या शेजारच्या काकांनी नवी डिझेल गाडी घेतली. घर ते दुकान, दुकान ते वावर, एवढंच तिचं चालणं. काही महिन्यांतच डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला, गाडीची ओढ कमी झाली, आणि सर्व्हिस सेंटर चंद्रपूरला. गाडीत बिघाड नव्हता. एप्रिल 2020 पासून धुराबद्दलचं बीएस-6 हे कडक मानक आलं, आणि तेव्हापासून या मोठ्या डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरच्या वाटेत काजळी अडवणारी जाळी असते, तिला डीपीएफ म्हणतात. साचलेली काजळी जाळायला आतलं तापमान सहाशे अंशांच्या आसपास जावं लागतं, आणि ते होतं गाडी सलग मोकळ्या रस्त्यावर पळाली तर. पाच-सहा किलोमीटरच्या फेऱ्यांत ती कधी तेवढी तापतच नाही. जाळी भरत जाते, गाडी स्वतःहून जास्त डिझेल जाळून ती साफ करायला बघते, आपण मध्येच चावी बंद करतो, आणि ते न जळलेलं डिझेल एंजिन ऑइलमध्ये उतरतं. ऑइलची पातळी वाढलेली दिसली तर खूश होऊ नये. काका आता आठवड्यातून एकदा पांढरकवड्याच्या रस्त्याला अर्धा-पाऊण तास गाडी एका वेगात पळवतात; दिवा पुन्हा लागला नाही. विकताना हे त्यांना कोणीही सांगितलं नव्हतं. एवढी महाग गाडी विकणाऱ्याने गिऱ्हाइकाला ‘रोज किती चालणार?’ एवढं तरी विचारावं, नाही तर ही सरळ फसगत आहे असं माझं मत आहे.

आणखी एक गोष्ट शेतकरी घरांसाठी. काही डिझेल गाड्यांना धूर साफ करायला डीईएफ, म्हणजे युरियाचं द्रावण लागतं. घरात युरियाची पोती पडलेली असतात, म्हणून ‘आपलाच घोळून टाकू’ असं म्हणणारे भेटले. कृपा करून टाकू नका. डीईएफमध्ये 32.5 टक्के अत्यंत शुद्ध युरिया असतो आणि बाकीचं खनिजरहित पाणी. शेतीच्या युरियाला 2015 पासून निंबोळीचा लेप सक्तीचा आहे. तो आणि इतर अशुद्धी ते द्रावण फवारणाऱ्या पिचकारीत आणि धूर साफ करणाऱ्या कॅटलिस्टमध्ये बसल्या तर खर्च लाखात जातो.

घुग्घुसकडे कोळशाचे ट्रक. एअर फिल्टर इथे पुस्तकात लिहिलेल्या किलोमीटरच्या निम्म्यावरच काळाठिक्कर होतो, एवढं सांगून पुढे जातो.

चंद्रपूरला उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो हे सगळ्यांना माहीत आहे. गाडीवर त्याचा काय परिणाम होतो ते तिथल्या मालकांनी दाखवलं. कोकणात गाडी गंजते, आपल्याकडे पत्रा वर्षानुवर्षं चांगला राहतो. इथे जातं ते रबर आणि प्लास्टिक. दाराची बीडिंग, म्हणजे कडेची रबरी पट्टी, कडक होते आणि डिक्कीतून धूळ आत येते, डॅशबोर्डला भेगा पडतात, हेडलाइटच्या काचा पिवळ्या पडतात, टर्बोचे होज फुगतात. ‘बिल्ड क्वालिटी’ पाहायची तर विदर्भात चार उन्हाळे काढलेल्या गाडीचं दार उघडून बीडिंग बोटाने चाचपावी. नव्या गाडीत सगळंच मऊ असतं. एक टॅक्सीमालक समृद्धी महामार्गावरून नेहमी मुंबईकडे जातात. तिथे लहान वाहनांना ताशी 120 ची मर्यादा आहे आणि रस्ता काँक्रीटचा. ते म्हणाले, हवा कमी असलेला टायर अशा वेगात आतून तापतो आणि फुटतो. म्हणून निघताना थंड टायरची हवा मोजल्याशिवाय ते गाडी वर चढवत नाहीत.

गोंडपिपरीनंतर वैनगंगा ओलांडली की आष्टी. इथून पुढे सूरजागडच्या खाणीतल्या लोहखनिजाचे ट्रक लागतात आणि रस्त्याचं रूप बदलतं. आमच्या गाडीचा उजवा पुढचा भाग खडखडायला लागला. पांढरकवड्यात पाहिलेल्या त्या भेगेमुळे मला आवाज लगेच ओळखू आला. वेग कमी करून, सागाच्या जंगलातून, अंधार पडायच्या आत आलापल्ली गाठली.

दुसऱ्या दिवशी मामाजींनी, म्हणजे दादाच्या सासऱ्यांनी, आम्हाला काळीपिवळीच्या, म्हणजे प्रवासी जीपच्या स्टँडवर नेलं. मला विचाराल तर गाडीच्या टिकाऊपणावर बोलायचा पहिला हक्क या चालकांचा. भामरागड, एटापल्ली, सिरोंचा, दिवसभर तेच रस्ते, आत माणसं किती हे मोजू नये. टाटा सुमोचं उत्पादन 2019 मध्ये बंद झालं तरी ती इथे अजून आठवणीने सांगितली जाते. एका वयस्क चालकाने दादाला सरळ विचारलं, “गाडी रस्त्यात बंद पडली तं तिले उघडून पाहनारा मानूस तुमच्यापासून किती लांब हाये?” दादा म्हणाला, यवतमाळ. “मंग यवतमाळच्या मिस्त्रीले जे येते, तेच घ्या. इथं सेन्सर गेला तं नागपूरहून पार्ट येईपर्यंत गाडी अंगनात उभी रायते. उंदरानं वायरिंग कुरतडली तरी तेच.” उंदरांवर त्याचा उपाय म्हणजे बॅटरीशेजारी तंबाखूची पानं फडक्यात बांधून ठेवणं आणि रात्री बोनेट उघडं टाकणं. एंजिनपाशी उजेड आणि वारा राहिला की उंदीर घरटं करत नाहीत, असं त्याचं म्हणणं.

या एका प्रश्नाने आमचा शोध बराच सरळ झाला. बऱ्याच कंपन्या तीन वर्षं किंवा एक लाख किलोमीटरची वॉरंटी देतात. पण गाडी सर्व्हिस सेंटरपर्यंत न्यायला सव्वाशे किलोमीटर ओढून न्यावी लागत असेल तर त्या कागदाचा अहेरी-सिरोंच्याच्या माणसाला किती उपयोग? तालुक्याच्या ठिकाणी आठवड्यातून एक दिवस स्कॅनर आणि चालू पार्ट्स घेऊन येणारी व्हॅन असावी, एवढी मागणी इथले मालक करतात, आणि ती रास्त आहे. इतक्या पैशांची गाडी घेणारे आता खेड्यातही आहेत.

दादाने नवी गाडी घ्यायचा विचार सध्या सोडलाय. चार-पाच उन्हाळे इकडेच काढलेली, लॅडर फ्रेमची, सर्व्हिसची सगळी बिलं असलेली जुनी गाडी तो पाहतोय, आणि व्यवहाराआधी ती त्या पांढरकवड्याच्या मिस्त्रीच्या खड्ड्यावर चढणार हे नक्की आहे. आम्ही ज्यांच्याशी बोललो तो सगळा पट्टा कापसाचा आणि कोळशाचा होता. भंडारा-गोंदियाकडे धानाच्या बांधीतून, पांदणीच्या चिखलातून ज्यांनी या दोन टनांच्या गाड्या नेल्या आहेत, त्यांनी क्लच, चार चाकांची ओढ आणि खालच्या सांगाड्यात अडकून राहणारा गाळ यांबद्दल आपले अनुभव जरूर लिहावेत. दादाचा व्यवहार संक्रांतीनंतर आहे.