बाईंनी दिलेला फाऊल

(माजी विद्यार्थिनी, दहावी, मार्च १९९५)

स्मरणिका समितीच्या सरांनी फोन करून दोन गोष्टी मागितल्या. दोन-तीन पानं मजकूर आणि खो-खोच्या संघाचा एखादा जुना फोटो. फोटो आईच्या ट्रंकेत सापडला. १९९२चा आहे. तालुक्यात पहिला नंबर आला तेव्हा कळंबहून फोटोग्राफर बोलावून काढलेला. मधे खुर्च्यांवर संस्थेचे अध्यक्ष, मुख्याध्यापक, गावचे सरपंच आणि का कोण जाणे, सोसायटीचे चेअरमन. ढाल चेअरमनच्या मांडीवर. मागं बारा मुली, आणि तेरावी मी, हातात फक्कीची, म्हणजे मैदान आखायच्या चुन्याची, बादली घेऊन. अगदी उजव्या कडेला निळ्या साडीचा अर्धा खांदा आणि शिट्टीची दोरी दिसते. त्या आमच्या बाई. त्यांचं बाकीचं अंग चौकटीबाहेर राहिलं.

समितीला फोटो पाठवलाय. छापताना तेवढा खांदा तरी कापू नका, ही विनंती.

पीटीला बाई आल्या तेव्हा गावात चर्चा झाली होती. शिवणाला बाई, गाण्याला बाई हे लोकांना माहीत होतं. पीटीला बाई कशाला, असं पारावर विचारणारे बरेच होते. बाई पहिल्याच आठवड्यात पदर खोचून, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट घालून मैदानावर उतरल्या आणि स्वतः पहार घेऊन खांबाचे खड्डे खोदायला लागल्या. शिपाई मामांनी ओशाळून पहार हातातून घेतली. खांब बाभळीचे होते, वरून रंधा मारून गुळगुळीत केलेले. तरी सूर मारणाऱ्या मुलींच्या तळहातात कुसळं जायचीच. बाई ती मधल्या सुट्टीत सुईनं काढायच्या आणि काढताना त्या मुलीला मागच्या डावातल्या चुका सांगायच्या. हात त्यांच्या ताब्यात असल्यामुळं पळून जाता यायचं नाही.

मी खेळाडू नव्हते. हे आधीच सांगते, नाहीतर बरोबरीच्या मैत्रिणी हसतील. मला खो मिळाला की पुढच्या पाटीपर्यंत मी पोचेस्तोवर गडी पाणी पिऊन परत आला असता. पण मैदानावरून घरी जावंसं वाटायचं नाही, कारण घरी म्हशीचं शेण वाट बघत असायचं. बाईंनी पंधरा दिवस बघितलं आणि म्हणाल्या, "तू पळू नकोस. तू मोज."

मोजायला घड्याळ हवं. शाळेत स्टॉप वॉच एकच, विज्ञानाच्या कपाटात, लंबकाच्या प्रयोगाचं. विज्ञानाचे सर ते द्यायला तयार नव्हते. बाईंनी त्यांना लेखी पावती दिली, 'एक स्टॉप वॉच, चालू स्थितीत', आणि खाली माझी सही घेतली. सहावीतल्या पोरीची सही! त्या दिवसापासून मी वेळाधिकारी. पुढं गुणपत्रिका लिहायला शिकवलं. कोण किती वाजता आत आली, कितव्या सेकंदाला बाद झाली, कोणी बाद केलं. तीन-तीनच्या तुकड्या आत येतात, त्यांचा क्रम आधी लिहून द्यायचा असतो, तो मोडला तर काय करायचं, हे सगळं. खेळणाऱ्या मुलींना स्वतःची पाटी दिसते. मला टेबलावरून अख्खा डाव दिसायला लागला. कोणती मुलगी दुसऱ्या खोला दमते, कोण नुसती उठते आणि पळत नाही, हे मी बाईंना कागद बघून सांगायची आणि बाई ऐकायच्या.

आता तो फाऊल.

ऑगस्ट १९९३. तालुक्याच्या शालेय स्पर्धा आपल्याच मैदानावर होत्या. अंतिम सामना आपल्या मुलींचा आणि शेजारच्या गावच्या शाळेचा. नेमलेल्या दोन पंचांपैकी एकांची एसटी कुठंतरी बंद पडली, ते आलेच नाहीत. समोरच्या शाळेचे क्रीडाशिक्षकच म्हणाले, "बाईंना उभं करा. आमची हरकत नाही." बाईंनी दोनदा नको म्हटलं. स्वतःच्या शाळेच्या सामन्यात पंच होणं बरं दिसत नाही, असं त्या म्हणाल्या. ऊन उतरायला लागलं होतं, लांबच्या मुलींना शेवटची गाडी गाठायची होती. शेवटी त्या उभ्या राहिल्या.

शेवटच्या डावात पाठलाग आपला. सात मिनिटांचा डाव, आपण एका गुणानं मागे, माझ्या घड्याळात अकरा सेकंद उरलेले. समोरची शेवटची मुलगी खांबाजवळ. आपल्या कर्णधार मुलीला खो मिळाला, ती उठली, दोन ढांगा टाकल्या आणि झेपावून तिच्या पाठीला हात लावला. आख्खं गाव उठलं. बरोबरी झाली, आता जादा डाव! टोप्या उडाल्या. आणि त्या गोंगाटात शिट्टी वाजत राहिली. बाई मधल्या पट्टीकडं बोट करून उभ्या होत्या. फाऊल.

खो-खो खेळलेल्यांना सांगायला नको, पण नव्या मुलांसाठी लिहिते. दोन खांबांच्या मधोमध फूटभर रुंदीची पट्टी असते, तिच्यावर गडी आळीपाळीनं दोन्हीकडं तोंड करून बसतात. पाठलाग करणारीनं ती ओलांडायची नाही, तिच्यावर पायही टेकवायचा नाही. टेकला तर फाऊल, आणि त्या फाऊलमधून मारलेला गडी बाद धरत नाहीत. आमच्या मुली अनवाणी खेळायच्या. त्या दिवशी सकाळी मीच फक्की मारली होती, अजून ओली होती, आणि पट्टीच्या कडेवर अंगठ्याचा आणि शेजारच्या बोटाचा ठसा स्पष्ट उमटला होता. मी बसले होते तिथून मला पाय पडतानाच दिसला होता.

अकरा सेकंद संपले. एका गुणानं हरलो.

मग जे झालं ते इथं सगळं लिहिण्यासारखं नाही. "स्वतःच्याच लेकरांचा गळा कापायलीस का बाई?" हे त्यातलं सगळ्यात सभ्य वाक्य. कोणीतरी माझ्या टेबलापाशी आलं आणि विचारलं, "पोरी, तू इथंच बसलीस ना? पाय पडला का पट्टीवर? खरं सांग." मी म्हणाले, "मी घड्याळ बघत होते."

बाई दोन हातांच्या अंतरावर उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मैदानावर गेले तर त्या एकट्याच फक्की मारत होत्या. मी बादली धरली. बऱ्याच वेळानं त्या म्हणाल्या, "घड्याळवालीनं घड्याळच बघायचं असतं. बरोबर केलंस." त्या खरंच तसं म्हणत होत्या की मला टोचत होत्या, हे मला तेव्हा कळलं नाही. तीस-बत्तीस वर्षं झाली, अजून कळलेलं नाही.

महिनाभर गावानं बाईंशी धड बोलणं टाकलं. ज्या दुकानात त्यांची वही चालायची, तिथं रोख मागायला लागले. मग ३० सप्टेंबरची पहाट आली. किल्लारीचा भूकंप. आपल्या गावात दोन-चार भिंती पडल्या, बाकी देवानं राखलं, पण घरात झोपायची कोणाची छाती नव्हती. सगळं गाव शाळेच्या मैदानावर पथारी टाकून. अंधारात लेकरं इकडं-तिकडं झाली होती. बाईंनी शिट्टी वाजवली आणि आम्ही सगळी सवयीनं रांगेत उभी राहिलो. हजेरी घेतली. त्यानंतर त्या फाऊलचा विषय कोणी काढला नाही.

एक गोष्ट मात्र मला मुद्दाम लिहायची आहे, कारण ती कुठल्या ढालीवर कोरलेली नाही. १९९४ला बाई बाळंतपणाच्या रजेवर होत्या. संघ चांगला होता, मी तर म्हणेन ९२पेक्षा चांगला. जिल्ह्याला न्यायला एक सर तयार होते, सज्जन माणूस, आपल्या खिशातून पैसे घालणारे. संमतीपत्रं आणायला सांगितली. बारापैकी चौघींच्या घरून आली. "बाई असत्या तर पाठवलं असतं," प्रत्येक घरी हेच उत्तर. सरांचा काही दोष नव्हता. मुक्काम, कपडे बदलायची जागा, पाळी आली तर कोणाला सांगायचं, हे प्रश्न बाई होत्या तेव्हा कोणाला पडलेच नव्हते. त्यांच्या लोखंडी कपाटात खालच्या खणात जुन्या मऊ कापडाच्या घड्या असायच्या, हे फक्त आम्हाला माहीत. त्या वर्षी संघ गेला नाही. 'महिला प्रशिक्षक का हव्यात' यावर हल्ली परिसंवाद होतात, मलाही एक-दोनदा बोलावलं आहे. मी तिथं ही चार संमतीपत्रं सांगते.

मी पुढं बी.पी.एड. केलं, लग्न होऊन लातूरला आले, शाळेत लागले आणि पंच परीक्षा दिली. लेखी सोपी होती. तोंडी परीक्षेला तिघं पुरुष बसले होते. त्यांनी नियम कमी विचारले, "रात्री उशिरापर्यंत सामने चालतात, जमेल का?" हे जास्त. जमवलं. सासूबाईंनी दोन लेकरं सांभाळली म्हणून जमलं, हेही खरं.

पहिल्यांदा पुरुषांच्या सामन्याला गेले ती एका यात्रेतली स्पर्धा. आयोजक माझ्याकडं आणि माझ्या शिट्टीकडं बघून म्हणाले, "मॅडम, तुम्ही गुण लिहा ना. बायकांचं अक्षर चांगलं असतं." माझं अक्षर कसं आहे हे आपल्या मराठीच्या सरांना विचारा! पण दोन वर्षं मी गुणच लिहिले. मानधनापेक्षा एसटीचं भाडं जास्त व्हायचं. आणि मैदानावर बायकांसाठी आडोसा नसल्यानं दिवसभर पाणी प्यायचं नाही, हा आम्हा पंच बायकांचा अलिखित नियम. पुरुष पंचांना तो माहीतही नसतो.

म्हणून जानेवारी २०२३मध्ये रणजी करंडकात पहिल्यांदाच बायका पंच म्हणून मैदानात उतरल्या, वृंदा राठी, जननी नारायणन आणि गायत्री वेणुगोपालन, तेव्हा क्रिकेटमधलं काही न कळणारी मी पेपरचं कात्रण कापून ठेवलं. त्यातल्या राठी आधी गुणलेखक होत्या. टेबलावरून उठून मैदानात गेलेली माझी जातवाली!

२०१८च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत आपल्या कबड्डीच्या मुली अंतिम सामन्यात इराणकडून २४-२७ हरल्या. त्याआधी दोन्ही वेळा सोनं आपलं होतं. घरातले सगळे हळहळले. मी बघत होते इराणच्या बाकाकडं. तिथं त्यांच्या प्रशिक्षक म्हणून नाशिकच्या शैलजा जैन होत्या. आपल्या देशाविरुद्ध आपण शिकवलेला संघ जिंकतोय, तेव्हा त्या बाईच्या मनात काय चाललं असेल? मला थोडं कळत होतं. मी एकीला तशी उभी राहिलेली बघितली होती, मधल्या पट्टीकडं बोट करून.

आपल्या भागाचं म्हणाल तर आता दिवस बदललेत, नाही असं नाही. धाराशिवच्या सारिका काळेनं २०१६च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत भारताचं कर्णधारपद केलं, सोनं आणलं, २०२०ला तिला अर्जुन पुरस्कार मिळाला आणि ती तुळजापूरला क्रीडा अधिकारी झाली. म्हणजे मैदान कुणाला द्यायचं, स्पर्धा कधी घ्यायच्या, या कागदावर सही करणारी बाई. मला पुरस्काराइतकंच त्या सहीचं कौतुक. जानेवारी २०२५ला दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला, प्रियांका इंगळेच्या संघानं नेपाळला ७८-४० असं हरवलं. एवढे गुण वाचून माझ्या आईला वाटलं कबड्डीच असेल. गुणांची पद्धत बदलली, मातीची मॅट झाली, ठसा उमटणारी फक्की गेली.

पण खेळणाऱ्या वाढल्या म्हणून शिकवणाऱ्या आपोआप वाढत नाहीत. टोकियो ऑलिम्पिकमध्ये खेळाडूंत जवळपास निम्म्या मुली होत्या आणि प्रशिक्षकांत बायका शंभरात तेरा. आपल्या तालुक्याच्या स्पर्धेत टेबलापाशी उभं राहून मोजा, फार वेगळं चित्र दिसणार नाही. मुली खेळतात, दहावी-बारावी होते, लग्न होतं, शिट्टी दुसऱ्याच्या गळ्यात राहते. मी माझ्या शाळेत दरवर्षी दोन न पळणाऱ्या मुली हेरते आणि त्यांना घड्याळ देते. पावतीवर सही घेऊन.

बाई निवृत्त झाल्या, आता मुलाकडं संभाजीनगरला असतात. मागच्या हिवाळ्यात धाराशिवला स्पर्धा होती, त्यांना न कळवता मी उपांत्य सामन्याला पंच होते. सामना संपल्यावर बघते तर प्रेक्षकांत बाई, पांढरे बूट, केस सगळे पिकलेले. नातीला घेऊन आल्या होत्या. मी जाऊन पाया पडले. त्या माझ्या खांद्याला धरून जरा बाजूला घेऊन गेल्या. मला वाटलं, आता काहीतरी बोलतील.

"दुसऱ्या डावात तू खांबाकडं फार पुढं सरकायलीस," त्या म्हणाल्या. "तिथून मधली पट्टी दिसत नाही."