डॉक्टरांची पांढरी लाईट

थंडी पडून कारखान्यांची धुराडी सुरू झाली की माझ्याकडं हेडलाईटची गिऱ्हाइकं वाढतात. उन्हाळ्यात एसी, पावसाळ्यात वायपर आणि गळीत हंगामात हेडलाईट, असं कोल्हापुरातल्या गाड्यांच्या वायरमनचं वर्ष असतं. हंगामात रात्रीचा रस्ता उसाच्या ट्रॅक्टरांचा. एकामागं एक दोन ट्रॉल्या, फाळक्याच्या वर पुरुषभर रचलेला ऊस, मागं लोंबणारे शेंडे आणि त्या शेंड्यांआड, असलाच तर, एक मिणमिणता लाल दिवा.

मागच्या डिसेंबरात एक डॉक्टर आले. माणसांचे नव्हे, गुरांचे. राधानगरी भागात त्यांची फिरती. म्हैस अडली की रात्रीचे दोन वाजोत नाहीतर तीन, निघावं लागतं. गाडी छोटी, दहा-बारा वर्षं जुनी, पण जिवापाड जपलेली. उतरल्या उतरल्या म्हणाले, "मिस्त्री, परवा परितेच्या पुढं ट्रॉलीखाली गेलो असतो. साइडपट्टीवर गाडी घातली म्हणून वाचलो. एवढी पांढरी लाईट बसवलीय तरी दिसंना. अजून पॉवरचं काय असंल ते घाला. पैशाचं बघू नका."

पैशाचं बघू नका म्हणणारं गिऱ्हाईक आलं की आमच्या लाइनीतल्या पुष्कळांचे डोळे अपर मारल्यासारखे चमकतात. मी बॉनेट उघडलं.

आत ऑनलाइन मागवलेले एलईडी बल्ब होते, मागं बारका पंखा असलेले. दुसऱ्या गावातल्या कुणीतरी बसवून दिलेले. बसवताना मागची रबरी टोपी आडवी आली म्हणून कापून टाकलेली. त्यातून धूळ आणि ओल आत जाऊन रिफ्लेक्टरवर, म्हणजे बल्बामागच्या चकचकीत आरशावर, पुसट धुरकटपणा आला होता. बल्बाचं खोकं डॉक्टरांनी डिकीत जपून ठेवलं होतं. त्यावर २०,००० ल्युमेन छापलेलं. ल्युमेन म्हणजे उजेडाचं माप. साध्या ६०/५५ वॅटच्या (अपरला ६०, डिपरला ५५) हॅलोजनचा डिपर, म्हणजे खाली रस्त्यावर पडणारा उजेड, १,००० ल्युमेनच्या आसपास आणि अपर, म्हणजे सरळ लांब जाणारा, साधारण १,६५० असतो. खोक्याचा हिशोब खरा धरला तर डॉक्टरांना कोल्हापुरातून राधानगरीचं धरण दिसायला हवं होतं.

"समोरचे लोक अपर मारतात का हो तुम्हाला?" मी विचारलं.

"सारखे. शिव्यापण देतात. म्हणून मी कायम डिपरवरच असतो."

अंधार पडेपर्यंत मी त्यांना थांबवून घेतलं. दुकानासमोर दहा मीटरवर एक पांढरी भिंत आहे, शेजारच्या गोडाऊनची. तीच माझी प्रयोगशाळा. चाकांत हवा सारखी केली, डॉक्टरांना ड्रायव्हर सीटवर बसवलं आणि डिपर लावला. नीट डिपर भिंतीवर पडला की एक रेघ दिसते. रेघेच्या खाली उजेड, वर अंधार. उजवीकडं ती सपाट जाते, म्हणजे समोरच्याच्या डोळ्यात काही जात नाही. डावीकडं तिरकी वर चढते, कारण आपण डावीकडून चालतो आणि कडेचा माणूस, सायकलवाला, उभी ट्रॉली लांबून दिसली पाहिजे. डॉक्टरांच्या गाडीची रेघच नव्हती. भिंत वरपासून खालपर्यंत पांढरीफेक, आणि वरच्या पत्र्यावरसुद्धा उजेडाचे दोन डाग.

एक जुना हॅलोजन बल्ब हातात देऊन मी त्यांना दाखवलं. या बल्बात दोन तारा असतात, अपरची आणि डिपरची. डिपरच्या तारेखाली पत्र्याची एक बारकी वाटी असते. ती वाटी खालचा उजेड अडवते, त्यामुळं डिपरला रिफ्लेक्टरचा फक्त वरचा भाग काम करतो आणि उजेड खाली रस्त्यावर पडतो. डावीकडं चढणारी ती तिरकी रेघसुद्धा वाटीच्या एका कडेला दिलेल्या उतारामुळं येते. सगळा रिफ्लेक्टर त्या तारेची जागा धरून बनवलेला असतो. मिलिमीटर इकडंतिकडं झालं तरी खेळ बिघडतो. आता त्या जागी दोन बाजूंना चिकटवलेले एलईडीचे चौकोन आले तर रिफ्लेक्टरनं काय करायचं? कंपनीनं एलईडीसाठीच बनवलेला हेडलाईट वेगळा, त्याला मी नावं ठेवत नाही, तो उत्तमच असतो. हॅलोजनच्या घरात एलईडीचा बल्ब हे प्रकरण मात्र मला अजून पटलेलं नाही. शिवाय केंद्रीय मोटार वाहन नियमांत लिहिलेलंच आहे की आठ मीटरवर, जमिनीपासून दीड मीटर उंचीवरच्या डोळ्याला हेडलाईटनं दिपवता कामा नये. पूर्वी काचेवर काळा ठिपका रंगवायचे ते त्याचसाठी.

"पण मिस्त्री, बंपरपुढं तर दिवसासारखं पडतंय," डॉक्टर म्हणाले.

गोम तिथंच होती. बंपरपुढच्या दहा मीटरवर भरमसाट उजेड पडला की डोळ्याची बाहुली आकसते. जवळचं झगझगीत दिसतं, म्हणून आपल्याला वाटतं लाईट जोरात आहे. लांबचा काळा भाग मात्र आणखी काळा होतो, आणि ट्रॉली असते लांब. डॉक्टर माणूस, बाहुलीचं त्यांना मी काय सांगणार? ते स्वतःच "हां, हां" करत गप्प झाले.

एलईडी काढून चांगल्या कंपनीचे ६०/५५ चे नवे हॅलोजन घातले. काचेला बोट न लावता, कारण बोटाचं तेल लागलं की त्या जागी बल्ब तापतो आणि लवकर जातो. लाईट लावली तर भिंतीवर रेघ आली, पण उजेड पिवळा, मेलेला. डॉक्टर लगेच म्हणाले, "हे बघा! ह्यासाठीच बदलली होती. ही काय लाईट आहे?"

त्यांचं खरं होतं. मी मल्टिमीटर काढला. इंजिन चालू ठेवून बॅटरीवर १३.९ व्होल्ट. बल्ब पेटलेला असताना त्याच्या होल्डरवर ११.७. दोन व्होल्टच्या वर सप्लाय मधल्या मध्ये गायब. हॅलोजनचा स्वभाव असा की व्होल्टेज ५ टक्के पडलं की उजेड १५-१६ टक्के पडतो, आणि १० टक्के पडलं की ३० टक्क्यांच्या आसपास. डॉक्टरांच्या गाडीत जवळजवळ निम्मा उजेड वायरीच खात होत्या.

कारण शोधायला वेळ लागला नाही. जुन्या छोट्या गाड्यांत बऱ्याच वेळा हेडलाईटचा सगळा करंट स्टिअरिंगखालच्या स्विचमधून फिरून येतो. दोन डिपर मिळून ११० वॅट, म्हणजे नऊ अँपिअरच्या आसपास. वायर बारीक, लांब, जागोजागी कपलर, आणि स्विचचे पॉइंट घासलेले. वर बॅटरीच्या खालच्या अर्थिंगच्या बोल्टवर गंजाचा थर. डॉक्टरांना म्हटलं, पाच एचपीच्या मोटारीला अर्ध्या इंचाचा पाईप जोडला आणि मग शेताच्या टोकाला पाणी येत नाही म्हणून मोटार बदलली, असं झालंय. शेतकऱ्याचा मुलगा तो, लगेच कळलं.

मग त्यांनी जरा चाचपडत विचारलं, "शंभर-नव्वदचे बल्ब मिळतात म्हणे?" मिळतात. या वायरिंगवर घातले तर होल्डर वितळतो, स्विच जळतो आणि रिफ्लेक्टरची चांदी उडते. त्यातून ते नियमातही बसत नाहीत. तो विषय तिथंच संपवला.

रिले किट टाकलं. रिले म्हणजे बारक्या करंटनं मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच. बॅटरीवरून फ्यूज घेऊन जाड वायर, डिपरला एक रिले, अपरला एक, बल्बाला चिनी मातीचे होल्डर. जुना स्विच आता फक्त रिले ओढायचं काम करणार, बल्बाचा करंट त्याच्यातून जाणार नाही. अर्थिंगचा बोल्ट खरवडून चकचकीत केला आणि दोन्ही हेडलाईटची अर्थ सरळ बॅटरीच्या निगेटिव्हला आणली. परत मोजलं, होल्डरवर १३.५. भिंत उजळली तसे डॉक्टर गाडीतून उतरून स्वतः बघायला आले. (नव्या गाड्यांत लाईट कंट्रोलरमधून चालतात. तिथं असली कापाकापी करू नये. वॉरंटी जाते आणि डॅशबोर्डवर दिवे लागतात ते वेगळेच.)

काचा पिवळ्या पडल्या होत्या. उन्हानं प्लास्टिकची वरची कातडी मरते, दुसरं काही नाही. वॉटर पेपर ८००, मग १५००, मग २०००, पाणी मारत मारत, नंतर कंपाउंड. वरून यूव्ही क्लिअरचा, म्हणजे ऊन अडवणाऱ्या पारदर्शक रंगाचा, हात दिला नाही तर काही महिन्यांत परत पिवळी पडते. टूथपेस्टनं काचा घासणारे इथंच फसतात. हे सगळं आमच्या पोरानं केलं, मी चहा घेतला.

फोकस लावायला मात्र मी कुणाला हात लावू देत नाही. डावा हेडलाईट कधीतरी डेंटिंगच्या कामात उघडला होता आणि तो बंपरजवळच बघत होता. उजवा आकाशात. दहा मीटरवर रेघ बल्बाच्या उंचीपेक्षा दहा सेंटीमीटर खाली यायला हवी, म्हणजे मीटरला एक सेंटीमीटरचा उतार. स्क्रू फिरवून दोन्ही जाग्यावर आणले आणि डिकी उघडली तर आत औषधांच्या पेट्या, दोऱ्या, गमबूट, आणि कृत्रिम रेतनाचा नायट्रोजनचा कंटेनर. एवढं वजन मागं असलं की गाडीचं नाक वर उठतं आणि केलेला सगळा फोकस वाया.

"डॉक्टर, स्टिअरिंगच्या उजवीकडं ते चाक आहे, शून्य ते तीन आकड्यांचं, ते कधी फिरवता?"

"ते एसीचं आहे ना?"

इतकी वर्षं गाडी चालवून. पण हसू कुणाला, माझ्याकडं येणाऱ्या दहातल्या नऊ जणांना ते चाक माहीत नसतं. डिकी रिकामी असेल तर शून्य, माल असेल तर एक किंवा दोन, रेघ परत खाली येते. डॉक्टरांच्या नेहमीच्या सामानाला दोनवर बसलं. पुढची काचही आतून पुसून दिली. डॅशबोर्डच्या पॉलिशचा तेलकट थर काचेवर चढतो आणि समोरून लाईट आली की सगळी काच दुधाळ होते.

एवढं होऊनही डॉक्टरांच्या मनात शंका होतीच. पांढरं गेलं आणि पिवळं आलं, म्हणजे कमीच झालं, असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. म्हणून दुकान बंद करून आम्ही पुईखडीच्या बाजूच्या एका मोकळ्या माळावर गेलो, आमची जुनी जीप आणि त्यांची गाडी. जीपला तसल्याच हॅलोजनच्या घरात डॉक्टरांचे काढलेले एलईडी मी तेवढ्यापुरते बसवले होते. पोराच्या अंगावर काळं घोंगडं दिलं आणि सांगितलं, डाव्या कडेनं चालत जा, हाक मारली की थांब.

जीपच्या उजेडात ते घोंगडं चाळीसेक पावलांवर विरघळलं. मग जीप बंद करून डॉक्टरांच्या गाडीचा डिपर लावला. पोरगं तिथंच उभं होतं, आणि आता सगळं दिसत होतं, हातातली चप्पलसुद्धा. काटा मोडला म्हणून काढली होती म्हणे. त्याला पुढं जायला सांगितलं. सत्तर पावलांपर्यंत घोंगडं ओळखू येत होतं. अपर मारला तेव्हा शंभराच्या पलीकडंही.

डॉक्टर खूश झाले, पण मी त्यांना तिथंच हिशोब घातला. सत्तर पावलं म्हणजे पन्नास मीटर धरा. ६० च्या स्पीडला गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर जाते. ट्रॉली दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद, म्हणजे २५ मीटर, मग कोरड्या रस्त्यावर थांबायला आणखी २०. झाले ४५. डिपरवर ८० नं गेलात तर ही लाईटपण पुरणार नाही. रस्ता मोकळा असेल तेव्हा अपर लावा, समोरून कुणी आलं की डिपर. आता तुम्हाला कोण शिव्या देणार नाही.

परत निघताना मी गंमत म्हणून जीपमधली लाल रेडियमची पट्टी काढली, वीतभर तुकडा पोराच्या पाठीवर चिकटवला आणि त्याला माळाच्या पार टोकाला पाठवलं. घोंगडं केव्हाच अंधारात गेलं, पट्टी मात्र शेवटपर्यंत पेटलेली. ही पट्टी उजेड इकडंतिकडं न फेकता ज्या दिशेनं आला त्याच दिशेला परत पाठवते, त्यामुळं मंद हेडलाईटलाही ती लांबून सापडते. डॉक्टर बराच वेळ त्या लाल ठिपक्याकडं बघत होते. मग म्हणाले, "ह्याचा रोल कितीला?"

एलईडी बल्ब त्यांना परत केले. पुतण्याच्या गाडीला घालायचे म्हणत होते. बसवायला माझ्याकडं पाठवू नका, एवढंच सांगितलं.

रेडियमचा रोल मात्र कारणी लागला. गोठ्यात गेले की म्हैस तपासायच्या आधी ते ट्रॉलीच्या मागच्या फाळक्याला दोन आडव्या पट्ट्या मारतात, शेंडे लोंबले तरी झाकणार नाहीत अशा खालच्या अंगाला. लोक नाही म्हणत नाहीत, डॉक्टरला कोण नाही म्हणणार. हंगाम संपायच्या आत दुसरा रोल न्यायला आले तेव्हा जरा वैतागलेले होते. एका ट्रॅक्टरवाल्यानं पट्टी मारू दिली नव्हती. त्याला त्याच जागी रेडियममध्ये 'आईची पुण्याई' लिहून पाहिजे होतं.

"मग?"

"मग काय, अक्षरं मोठी काढून द्या म्हटलं. पण ते साधं रेडियम नको, उजेड परत फेकणारंच पाहिजे. तुमच्याकडं आहे ना?"

होतं. फूटभर उंचीची अक्षरं कापून दिली.