गवतातली वाट, गोचीड आणि मागून जाणाऱ्यांसाठी काही सूचना

ट्रेकला निघताना वाट, पाणी, मुक्काम यांची चौकशी सगळेच करतात. या वाटेवर गोचिडांचीही करायला हवी. "ते गुरांना लागतात, माणसाला काय होतंय?" असं म्हणणारे आमच्यातही होते. संध्याकाळी कॅम्पवर तेच सगळ्यात आधी टॉर्च मागत होते.

पहिला टप्पा ओढ्याच्या कोरड्या पात्रातून जातो. उघडा कातळ आणि रखरखीत ऊन. इथे फारशी काळजी नको. गोचिडाला जगायला ओल लागते, तापल्या दगडावर तो तग धरत नाही. ओढा सोडून वाट रानात शिरली की सावली, पाचोळा आणि गुरांच्या पायवाटा सुरू होतात. त्याचा खरा मुलूख हा. जिथून जनावरांची रोजची ये-जा, तिथेच त्याची वस्ती. पुढे खिंडीपर्यंत गवत कमरेएवढं आहे आणि वाट इतकी अरुंद की दोन्हीकडची पाती पॅन्टला घासतात. जमेल तिथे वाटेच्या मधोमध चाला आणि शॉर्टकटच्या मोहात पडून गवतात घुसू नका.

गोचीड उडत नाही, उडी मारत नाही आणि झाडावरून टपकतही नाही. तो वाट बघतो. खिंडीच्या अलीकडे एका पात्याच्या टोकावर तो नीट बघायला मिळाला. मागचे पाय पात्यात रोवलेले, पुढचे दोन हवेत पसरलेले. मित्राने लांबूनच हलकी फुंकर मारली तर ते दोन पाय लगेच चाचपडायला लागले. त्या पायांवर त्याचं वास घेण्याचं इंद्रिय असतं. उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड, अंगाची ऊब त्याला तिथून कळते. कापड घासून गेलं की तो त्याला धरतो आणि वर चढू लागतो. हायलोमा जातीचे गोचीड मात्र बसून राहत नाहीत, जमिनीवरून चक्क धावत येतात.

कपड्यांचं सांगायचं तर पूर्ण बाह्या, फिकट रंग आणि पॅन्टचे पायचे मोज्यात खोचलेले. ध्यान दिसतं, पण गोचिडाला कातडी सापडायला बराच वर चढावं लागतं आणि फिकट कापडावर तो दिसतो. कपडे, बूट आणि सॅकवर 0.5 टक्के परमेथ्रिन या कीटकनाशकाचा फवारा आदल्या दिवशी उघड्यावर मारून पूर्ण वाळू द्यावा. तो कातडीवर कधीच लावायचा नाही. घरात मांजर असेल तर ओल्या कपड्यांजवळ तिला फिरकू देऊ नका, परमेथ्रिन मांजरांना विषारी आहे. उघड्या अंगाला 20 ते 30 टक्के डीट किंवा 20 टक्के पिकारिडिन ही किडे दूर ठेवणारी औषधं चालतात. सनस्क्रीन आधी, हे नंतर. डीटने घड्याळाचा प्लास्टिकचा पट्टा, चष्म्याची फ्रेम खराब होते, म्हणून मला पिकारिडिन बरं वाटतं.

एवढं करूनही माझा भरवसा फवाऱ्यापेक्षा तपासणीवर जास्त आहे. फवारा कुठेतरी राहतोच, घामाने उतरतोच. थांबल्यावर अंग नीट बघितलं तर राहिलेलं सापडतं.

खिंडीत सावलीला आडवं पडलेलं एक खोड आहे, बसायला मोह होतो. तिथे बसू नका, दहा पावलांवर उघडा खडक आहे. आमच्यातली एक मैत्रीण खोडावर टेकली आणि उठली तेव्हा तिच्या पोटरीवर तपकिरी डाग होता. बघता बघता डाग पसरायला लागला. गोचिडाची नुकती अंड्यातून निघालेली पिल्लं होती ती, शेकड्याने. या वयात त्यांना आठ नाही, सहाच पाय असतात. अशा वेळी हाताने झटकलं तर ती सगळीकडे पांगतात. रुंद चिकटपट्टी दाबून लावायची आणि ओढायची, पुन्हा नवी पट्टी. पाच मिनिटांत पॅन्ट साफ झाली. चिकटपट्टीचा रोल सॅकच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवा, तळाशी नको.

कॅम्पवर पोचल्यावर आधी तंबू, मग चहा, मग तपासणी असा क्रम असतो. तो उलटा करा. काखा, कानांच्या मागे आणि आत, केसांत, बेंबी, कमरपट्ट्याखाली, जांघा, गुडघ्यांच्या मागची खळगी. मागची बाजू दुसऱ्याने बघायची, इथे लाजून भागत नाही. नुसत्या नजरेवर जाऊ नका, बोटं फिरवा. मधल्या वयाचा गोचीड खसखशीच्या दाण्याएवढा असतो आणि तीळ समजून सुटतो. त्याच्या लाळेत बधिर करणारी द्रव्यं असल्याने चावलेलं सहसा कळतही नाही.

आमच्या एका गड्याच्या गुडघ्यामागे असाच एक रुतलेला सापडला. लगेच सल्ले सुरू. काडी पेटवून टेकव, व्हॅसलीन लाव, नेलपॉलिश लाव. यातलं काहीही करू नका. चटका बसला किंवा गुदमरला तर तो आपणहून सुटेल याची खात्री नाही, उलट डिवचल्याने पोटातलं जखमेत ओकण्याचा धोका असतो आणि तो बसून राहिलेला वेळही वाढतो.

बारीक अणकुचीदार टोकाचा चिमटा घ्या. भुवया कोरायचा रुंद टोकाचा चिमटा पोट दाबतो, तो नको. कातडीला अगदी लागून, गोचिडाच्या तोंडाशी धरायचं आणि सरळ वर, एकसारख्या जोराने ओढायचं. झटका नाही, पीळ नाही. त्याच्या सोंडेला मागे वळलेले काटे असतात, म्हणून कातडी तंबूसारखी वर उचलली जाते. तिथे घाबरून सोडू नका, तसंच धरून राहा. थोड्या वेळात पकड सुटते. खाच असलेला प्लास्टिकचा हुक वापरत असाल तर तो मात्र फिरवूनच काढायचा असतो. सोंडेचा तुकडा आत राहिला आणि सहज निघत नसेल तर सुईने कोरत बसू नका, कातडी तो हळूहळू बाहेर टाकते. जागा आणि हात साबणाने किंवा स्पिरिटने धुवा. निघालेला गोचीड नखाने चिरडायचा नाही. स्पिरिटच्या बाटलीत टाका किंवा चिकटपट्टीत गुंडाळा.

घरी परतल्यावर दोन तासांच्या आत अंघोळ करा. कपडे गार पाण्यात धुतले तर गोचीड जिवंत राहतात. कडक गरम पाणी हवं, किंवा वाळलेले कपडे ड्रायरमध्ये जास्त उष्णतेवर दहा मिनिटं. सॅकचे कप्पे उलटून बघा. कुत्रा सोबत असेल तर त्याचे कान आणि पायांच्या बोटांमधल्या फटीही.

प्रत्येक चाव्याने आजार होत नाही. गोचिडांमुळे होणाऱ्या लाइम रोगाचा जंतू अंगात जायला गोचीड सहसा 24 तासांहून जास्त चिकटलेला असावा लागतो, म्हणून त्याच संध्याकाळची तपासणी एवढी मोलाची. काही विषाणू मात्र इतकी सवड देत नाहीत. 1957 मध्ये कर्नाटकातल्या क्यासनूरच्या जंगलात सापडलेला माकडताप गोचिडांमुळेच होतो. तिथे माकडंही त्याने मरतात, म्हणून अशा पट्ट्यात मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता वनखात्याला कळवा.

चाव्याची तारीख आणि जागा फोनमध्ये लिहा, फोटो काढा. पहिल्या दिवशीचा छोटा खाजरा लाल ठिपका बहुधा नुसत्या चाव्याचा असतो. पुढच्या महिनाभरात ताप, जबर अंगदुखी किंवा पसरत जाणारा लाल चट्टा दिसला तर डॉक्टरांना गाठा आणि त्यांनी विचारायची वाट न बघता "रानात गेलो होतो, गोचीड चावला होता" हे आधी सांगा.