रंग सांगतो एक, आटे सांगतात दुसरंच

तीन महिने झाले ही सायकलची फ्रेम घरी येऊन आणि ती कुठल्या देशाची, कुणी बनवलेली हे शोधायला रोज संध्याकाळी मी तिच्याजवळ टॉर्च आणि व्हर्नियर कॅलिपर घेऊन बसते, त्यामुळे आता एकदा सगळं लिहूनच काढते.

मैत्रिणीच्या काकांकडे ही पडून होती. जुनी स्टीलची रोड बाईकची फ्रेम, फोर्कसकट (पुढचं चाक धरणारा भाग), बाकी काहीच नाही, ना चाकं, ना क्रँक, ना सीटपोस्ट (सीटचा दांडा), फक्त हेडसेट (हँडल फिरतं ते बेअरिंग) आणि बॉटम ब्रॅकेटचे (पेडलचा आस फिरतो ती जागा) दोन कप आत अडकून राहिलेले. वरून जाड काळा रंग, तोही ब्रशने मारलेला, लगच्या, म्हणजे ट्यूबच्या जोडांवरच्या खोळींच्या, कडांना ओघळ तसेच सुकलेले. स्टिकर एकही नाही. काका म्हणाले, "इटालियन आहे गं, जपून वापर." त्यांनाही ती अशीच काळी मिळाली होती आणि देणाऱ्याने त्यांना हेच सांगितलं होतं, म्हणजे इटालियन हा शब्द फ्रेमबरोबर हातोहात आलेला, आणि मी पण तो धरूनच सुरुवात केली.

इटालियन म्हटल्यावर आधी काय बघायचं, तर कोरीवकाम. कोलनागो कंपनीच्या फोर्क क्राउनवर (फोर्कच्या वरच्या जोडावर) किलवरसारखं पान असतं, डे रोझाचं बदामाचं चिन्ह असतं, कित्येक फ्रेम्सवर सीटस्टेच्या (सीटपासून मागच्या चाकाकडे जाणाऱ्या बारीक नळ्या) वरच्या टोकाला नाव कोरलेलं असतं. रंगाचे थर चढले की हे खोबणीत बुजून जातं, पण टॉर्च आडवी धरली की सावली पडते. माझ्या फ्रेमवर कुठेच काही नव्हतं. मग फोर्क काढला आणि स्टिअररच्या (फोर्कची वर जाणारी नळी) आत खालून बघितलं, कारण कोलंबस या इटालियन कंपनीच्या एसएल किंवा एसपी ट्यूबिंगचा स्टिअरर असेल तर आत खालच्या बाजूला पिळाच्या पाच रेघा उठलेल्या असतात. इथे आत एकदम गुळगुळीत. तरी मी म्हटलं, सगळे इटालियन काही कोलंबसच वापरत नव्हते, असेल दुसरं काही. मनात एकदा नाव बसलं ना की माणूस पुरावा तसा वळवायला लागतो, आणि या कामात सगळ्यात जास्त वेळ त्यातच जातो.

काळाचा अंदाज तसा लवकर आला. मागच्या ड्रॉपआउटमधलं (चाकाचा आस बसतो त्या खाचा) अंतर 120 मिमी, म्हणजे पाच गिअरच्या फ्रीव्हीलचा (मागच्या चाकावरची गिअरची चक्रं) जमाना, पुढे सहा-सात गिअर आले तेव्हा 126 झालं आणि नंतर 130. बाटलीच्या पिंजऱ्यासाठी स्क्रूची भोकं नाहीत, टॉप ट्यूबवर (वरची आडवी नळी) ब्रेक केबलचे गाइड नाहीत, ब्रेक ब्रिजचं (मागचा ब्रेक लागतो तो आडवा तुकडा) भोक दोन्हीकडून सारखंच, म्हणजे ब्रेकचा नट मागे बाहेर दिसणारा, आत लपणारा नाही. हे सगळं एकत्र धरलं तर सत्तरच्या दशकाच्या पुढे नेणं कठीण. एकट्या खुणेवर मात्र विश्वास ठेवू नका, कारण मागचं अंतर कुणी वाकवून वाढवलेलं असतं, गाइड नंतर ब्रेझ करून घेतलेले असतात, आणि रंग बदलणारा माणूस बहुतेक वेळा त्याच फेरीत या गोष्टी पण करून घेतो. चाकं, गिअर वगैरे सोबत आले असतील तर त्यावरच्या तारखा बघाव्यात, कँपाग्नोलो या इटालियन कंपनीच्या जुन्या डिरेलरवर (गिअर बदलणारा भाग) पेटंटच्या पुढे सालाचे दोन आकडे असतात, पण तेवढ्याने पार्टचं वय कळतं, फ्रेमचं नाही.

आता मुख्य गोष्ट. ट्यूबची जाडी, म्हणजे बाहेरचा व्यास, मोजली. डाउन ट्यूब (खालची तिरकी नळी) 28.4 मिमी. इंग्लिश, इटालियन, जपानी सगळ्यांची डाउन ट्यूब एक पूर्णांक एक अष्टमांश इंच, म्हणजे 28.6 असते, म्हणून मी वहीत लिहिलं "28.6 च्या आसपास, ठीक". टॉप ट्यूब 26.4 आली. ती असायला हवी 25.4, एक इंच. मग म्हटलं रंग जाड आहे, त्यामुळे जास्त येतंय. दोन आठवडे मी या वहीतल्या दोन ओळी तशाच ठेवल्या. मग एका रात्री एकदम लक्षात आलं की रंगाने जाडी फक्त वाढते, कमी कशी होईल? रंगासकट 28.4 येत असेल तर आतली ट्यूब 28.6 असूच शकत नाही! आणि टॉप ट्यूबवर एक मिलिमीटरचा रंग आणि डाउन ट्यूबवर उणे रंग, असं तर होत नाही. दोन्ही ट्यूबवर खालच्या बाजूला, दिसणार नाही अशा ठिकाणी, नखाएवढा रंग काढला. डाउन ट्यूब 28.0, टॉप ट्यूब 26.0.

हे फ्रेंच माप आहे. फ्रान्समध्ये तेव्हा ट्यूब इंचात नाही, पूर्ण मिलिमीटरमध्ये असायच्या.

त्यानंतर मागच्या सगळ्या अडचणींचा उलगडा व्हायला लागला. हँडलचा स्टेम (हँडल धरणारा दांडा) स्टिअररच्या आत जात नव्हता, मी समजत होते की आत गंज आहे आणि पॉलिश पेपर फिरवत होते, पण नेहमीचा स्टेम 22.2 चा असतो आणि फ्रेंच स्टिअररला 22.0 लागतो, दोन दशांश मिलिमीटरसाठी मी तो स्टिअरर घासत बसले होते. कुणाकडे अशी फ्रेम असेल तर कृपा करून नवा स्टेम ठोकून आत घालू नका, स्टिअरर फुगतो.

आणि बॉटम ब्रॅकेट. त्याची रुंदी मी पहिल्याच दिवशी मोजली होती, 68 मिमी. इटालियन 70 असते, म्हणजे तिथेच शंका यायला हवी होती. 68 म्हणजे इंग्लिश असं धरून चालले, आणि इंग्लिशमध्ये उजव्या बाजूच्या कपाला उलटे आटे असतात, घड्याळाच्या दिशेने फिरवला की सुटतो. दोन संध्याकाळी तेल सोडून, लांब जाड बोल्ट कपातून घालून, दोन्हीकडे वॉशर आणि नट लावून घट्ट आवळून, पान्याला पाइप लावून मी तो कप घड्याळाच्या दिशेने फिरवत होते. हलेना. मग ट्यूबचं माप लक्षात आल्यावर आधी डावा कप काढला, तो सहज निघाला. फडक्याने ग्रीस पुसलं तर कपाच्या तोंडावर बारीक अक्षरात ठसा, 35 x 1. म्हणजे 35 मिमी व्यास, एक मिलिमीटरचे आटे. ठसा नसता तरी कळलं असतं, इंग्लिश कप 34.8 च्या आसपास असतो म्हणून व्यासावरून फसायला होतं, पण आटे मोजले तर इंग्लिशचे दहा आटे साडेदहा मिलिमीटरच्या थोडे वर जातात आणि फ्रेंचचे बरोबर दहावर थांबतात, साध्या पट्टीवरसुद्धा फरक दिसतो.

35 x 1 चे पण दोन प्रकार आहेत. फ्रेंचमध्ये दोन्ही कपांना सरळ आटे, स्विसमध्ये उजव्याला उलटे, आणि फ्रेंच कंपनी मोटोबेकानने सत्तरच्या दशकात काही मॉडेल्सना स्विस आटे वापरले होते, त्यामुळे देशावरून दिशा ठरवता येत नाही. पण घड्याळाच्या दिशेने तर मी दोन दिवस जोर लावून झाला होता. पाना उलटा लावला, पाइपवर सगळं वजन टाकलं, आणि "कट्" करून असा आवाज आला की मला वाटलं फ्रेम तडकली. कप पाव आटा फिरला होता. सरळ आटे. मी तो कप अजून धुतलेला नाही, तसाच काळ्या ग्रीससकट डबीत ठेवलाय.

ड्रॉपआउटवर कापसाच्या काडीने पेंट रिमूव्हर लावत लावत रंग काढला, वाळूचा मारा अजिबात नाही केला, तो पातळ स्टीलला आणि उथळ ठशांना खाऊन टाकतो. एकेक अक्षर वर आलं, सिम्प्लेक्स. लक्षात घ्या, ड्रॉपआउटवरचं नाव म्हणजे फ्रेम बनवणाऱ्याचं नाव नव्हे, कँपाग्नोलोचे ड्रॉपआउट तर कुठकुठल्या देशांतल्या फ्रेम्सवर असतात. पण सिम्प्लेक्स ही फ्रेंच कंपनी, आणि डिरेलर लावायच्या भोकाला आटे नाहीत, हेही त्यांच्या पद्धतीशी जुळतं.

सीटपोस्टने मला सगळ्यात जास्त आनंद दिला. ओळखीच्या मेकॅनिकदादांकडून वेगवेगळ्या मापाचे पोस्ट आणून एकेक घालून बघितले. 26.6 तोंडाशीच अडकला, 26.4 लोण्यात सुरी जावी तसा गेला. सीटखालची ट्यूबही फ्रेंच मापात 28.0 चीच असते, आता त्यातून 26.4 वजा करा, राहतात 1.6, दोन भिंतींचे, त्यातून थोडी मोकळीक सोडली तर एक भिंत पाऊण मिलिमीटरच्या आसपास. साध्या जाड स्टीलची ट्यूब इतकी पातळ नसते, तिथे सीटपोस्ट बराच बारीक लागतो. म्हणजे ही चांगल्या ट्यूबची फ्रेम आहे. रेनल्ड्स 531 ही नावाजलेली इंग्लिश ट्यूब फ्रेंच मापातही मिळायची आणि तिला 26.4 पोस्ट बसतो, पण स्टिअररवर रेनल्ड्सचा ठसा मला सापडला नाही, त्यामुळे 531 चं स्टिकर मी लावणार नाही.

बॉटम ब्रॅकेटच्या खाली आकड्यांची एक रांग पण निघाली. कागद ठेवून पेन्सिल घासली की छान उमटते. (दोनच आकडे असतील, 54 किंवा 56 असे, तर तो सिरियल नंबर समजू नका, ती फ्रेमची साइज असते.) श्विन किंवा ट्रेक या अमेरिकन कंपन्यांची असेल तर नंबरवरून साल काढता येतं, पण त्यासाठी आधी कंपनी कळायला हवी, नंबरवरून कंपनी नाही कळत.

गेल्या रविवारी हेडसेटचे कप काढले. खालच्या कपाच्या कडेखाली, जिथे ब्रश पोचलाच नव्हता, तिथे अंगठीसारखी एक गोल रेघ, नारिंगी. फिकट नाही, पिकलेल्या संत्र्यासारखी, वर लॅकरची चमक तशीच. मी हॉलमधला दिवा लावून किती वेळ बघत बसले होते. मग हेडट्यूबच्या (फ्रेमची पुढची छोटी नळी) आत टॉर्च घातली तर समोरच्या बाजूला, एकाखाली एक, पुट्टीने बुजवलेली दोन बारीक भोकं. तिथे बॅज होता, रिव्हेट मारलेला.

शनिवारी ती पुट्टी टाचणीने काढणार आहे आणि दोन भोकांच्या मधलं अंतर मोजणार आहे. काकांना फोन केला होता, म्हटलं इटालियन नाहीये, फ्रेंच आहे आणि नारिंगी होती. ते थोडा वेळ काही बोललेच नाहीत, मग म्हणाले, "बॅजचं कळलं की लगेच सांग."