बार्नाहूस बघायला जाणार असाल तर

बालसंरक्षणात काम करणारे आम्ही पाच जण नऊ दिवसांच्या अभ्यासदौऱ्याला गेलो होतो. आधी आइसलँडची राजधानी रेक्याविक, मग स्कॉटलंड. सोबत चाळीस प्रश्नांची यादी नेली होती आणि त्यातले निम्मे प्रश्न इमारतीबद्दल होते: खोल्या किती, कॅमेरे कुठले, खर्च किती आला. तुम्ही निघायच्या आधीच ते खोडून टाका.

बार्नाहूस म्हणजे मुलांचं घर. आइसलँडने ते 1998 मध्ये सुरू केलं. मूळ कल्पना अमेरिकेतल्या बाल-साहाय्य केंद्रांची, ज्यांची सुरुवात 1985 साली अलाबामातल्या हंट्सव्हिलमध्ये झाली. अत्याचाराची शंका असलेल्या मुलाने पोलीस, डॉक्टर, कोर्ट असं दारोदार फिरत तेच तेच सांगायचं नाही. मोठ्यांनी त्याच्याकडे यायचं.

बाहेरून ते वस्तीतल्या इतर घरांसारखंच दिसतं. पत्ता हातात असून आम्ही दोनदा पुढे निघून गेलो. दारातच बूट काढायचे. जबानीच्या खोलीत दोन खुर्च्या आणि भिंतीवर छोटासा कॅमेरा, बस्स. मी मनात कपाटभर खेळणी धरून गेलो होतो. विचारलं तर म्हणाले, खेळण्यांनी मुलाचं बोलण्यावरचं लक्ष उडतं.

खरी गंमत शेजारच्या खोलीत. जबानी चालू असताना न्यायाधीश, सरकारी वकील, पोलीस, बालसंरक्षण कर्मचारी आणि आरोपीचा वकील तिथे पडद्यावर बघत बसतात. बचाव पक्षाला काही विचारायचं असेल तर तेही प्रशिक्षित मुलाखतकाराच्या तोंडूनच. चित्रीकरण पुढे पुरावा म्हणून चालतं, त्यामुळे मुलाला सहसा कोर्टाची पायरी चढावी लागत नाही. वैद्यकीय तपासणी आणि नंतरचे उपचारही त्याच छपराखाली.

आम्ही भराभर टिपणं घेत होतो, तेवढ्यात यजमान बाईंनी सहज विचारलं की तुमच्यातले न्यायाधीश कोण? कोणीच नव्हतं. वकीलही नव्हता. बाई काही बोलल्या नाहीत, पण आमच्या लक्षात यायचं ते आलं. खोल्या कोणीही रंगवून घेईल. ती जबानी कोर्ट मानणार नसेल तर त्या खोल्यांत मूल आणखी एकदा तेच सांगणार, एवढंच. स्वीडनने 2005 मध्ये आणि नॉर्वेने 2007 मध्ये हीच कल्पना उचलली, पण नॉर्वेत 2015 पासून या जबान्यांची सूत्रं न्यायाधीशाऐवजी पोलीस खात्यातल्या अभियोक्त्याकडे, म्हणजे खटला चालवणाऱ्या वकिलाकडे, आहेत. तेव्हा प्रत्येक देशात पहिला प्रश्न हाच: जबानीच्या वेळी प्रमुख कोण, आणि कुठल्या कायद्याने?

स्कॉटलंडला मुलांच्या सुनावण्या, म्हणजे संरक्षणाची गरज असलेल्या किंवा गुन्ह्यात सापडलेल्या मुलांचं काय करायचं हे ठरवणाऱ्या बैठका, समजून घ्यायला गेलो. 1964 च्या किलब्रँडन अहवालातून निघालेली ही पद्धत 1971 पासून चालू आहे. तीन स्वयंसेवक, म्हणजे साधे नागरिकच, मुलाच्या आणि पालकांच्या समोर बसून पुढे काय करायचं ते ठरवतात. घटना घडली की नाही यावरच वाद असेल तर तेवढा भाग शेरीफ न्यायालयाकडे, म्हणजे तिथल्या स्थानिक न्यायालयाकडे, जातो. मला ही विभागणी फार आवडली. प्रत्यक्ष सुनावणीला बसायला मिळेल या आशेवर मात्र तिकीट काढू नका; आम्ही रिकामी खोली बघितली आणि ते योग्यच होतं.

नॉर्वेला जाणार असाल तर स्ट्रँड लोबेन खटल्याचा निकाल वाचूनच जा. 10 सप्टेंबर 2019 रोजी युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने नॉर्वेला कौटुंबिक जीवनाच्या हक्काचा भंग केल्याबद्दल दोषी धरलं. मूल आईपासून काढून पुढे दत्तक दिलं गेलं होतं. नावाजलेली व्यवस्थाही कुठे घसरते हे यजमानांना थेट विचारा. आम्हाला संकोच वाटत होता, पण लोक मोकळेपणाने बोलतात, साहेबांपेक्षा रोज केसेस हाताळणारे जास्त. त्यांच्याबरोबर एक तास वेगळा मागून घ्या.

बाकी किरकोळ. परवानगीची पत्रं दोन-तीन महिने आधी पाठवा. बार्नाहूसमध्ये मूल नसेल तेव्हाच आत घेतात, म्हणून ऐनवेळी वेळ बदलते. एका दिवशी दोन भेटी ठेवू नका. फोन खिशातच राहू द्या. दुभाषा घेणार असाल तर त्याला कायद्याचे शब्द आधी देऊन ठेवा, आमचा 'पालकत्व' आणि 'ताबा' यांतच अडकला.

आमची दुसरी फेरी ठरते आहे. यादीत पहिलं नाव एका न्यायाधीशांचं आहे, त्यांची रजा मंजूर झाली की तारीख पक्की.